गाव बदललं म्हणता? मग सातबारा दाखवा!

गेल्या माघी यात्रेच्या आधी आमच्या गल्लीतली चार-पाच तरुण मुलं आईकडे आली. मी नेमकी त्या दिवशी मोरगावात होते. 'काल आणि आज' असं एक छोटं प्रदर्शन त्यांना मांडायचं होतं. जुने फोटो, जुनी कार्डं, पितळेची भांडी, नांगराचा फाळ, जातं, असं सगळं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आमच्या आजीच्या पेटीत देवळाची जुनी चित्रकार्डं आहेत. "ताई, तेवढी द्या. आपलं गाव किती सुंदर होतं आणि आता काय झालंय, हे लोकांना कळलं पाहिजे," असं त्यातला एकजण म्हणाला. मुलं चांगली आहेत. रक्तदान शिबिरं घेतात, झाडं लावतात, मला ताई म्हणतात. तरीही मी त्यांना लगेच हो म्हटलं नाही. का म्हटलं नाही, ते त्यांना उभ्या उभ्या सांगता आलं नाही म्हणून इथं लिहिते आहे.

आजीचा तो डबा म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात तीन छापील चित्रकार्डं आहेत आणि पोस्टाची लिहिलेली चाळीसएक कार्डं. चित्रकार्डांबद्दल आधी सांगते. पहिलं काळं-पांढरं आहे. मोरगाव म्हणजे अष्टविनायकांतला पहिला गणपती, मयूरेश्वर, हे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. त्या कार्डावर देऊळ समोरून दिसतं. उंच दगडी तट, चारी कोपऱ्यांवर मिनार, वर जाणाऱ्या पायऱ्या आणि समोर तोंड करून बसलेला भला मोठा नंदी. गणपतीच्या देवळापुढे नंदी कसा, याची आमच्याकडे एक गोष्ट सांगतात. शंकराच्या देवळासाठी नेला जाणारा हा नंदी वाटेत इथं टेकला आणि मग काही केल्या उठेना. मिनारांबद्दलही सांगतात की लांबून मशीद वाटावी आणि स्वारी करणाऱ्यानं पुढं निघून जावं म्हणून ते बांधले. तर त्या कार्डावर एक बैलगाडी सोडलेली आहे. दोन पागोटेवाले कॅमेऱ्याकडे थेट बघत उभे आहेत. आणि पायऱ्यांच्या खाली एक बाई आहे. पाठमोरी. डोक्यावर घागर, कमरेवर दुसरी.

मी शाळेत असताना आजीला विचारलं होतं, "आजी, ही कोण गं?"

"असंल कुणाची तरी," आजी म्हणाली.

त्या दोन पागोटेवाल्यांची नावं मात्र तिनं घडाघडा सांगितली. एक कुणाचा चुलता, दुसरा कुणाचा सासरा. त्यांच्या घरांत आजही त्यांच्या नावाने पाट्या आहेत.

दुसरं कार्ड रंगीत आहे, रंग जरा भडकच. ते 'अष्टविनायक' सिनेमा आल्यानंतरचं असणार. १९७९ साली तो सिनेमा आला आणि एका दमात आठ गणपती करण्याची टूम घराघरांत पोचली. एस.टी.च्या सहली सुरू झाल्या, खाजगी बसगाड्या आल्या, पुढं जीपगाड्या आल्या. त्या कार्डावर देवळापुढं बस उभी आहे. तिसऱ्या कार्डावर फक्त देव आहे, दोन्ही बाजूंना सिद्धी आणि बुद्धी. गंमत बघा, मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या लाखोंपैकी सिद्धी-बुद्धीसाठी म्हणून कुणी आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. असो.

आता ही तीन कार्डं भिंतीवर टांगायची, शेजारी आजचे फोटो लावायचे. आजच्या फोटोत काय दिसेल? पेढ्यांची दुकानं, नारळ-हारांचे गाळे, भक्तनिवास, हॉटेलं, वाहनतळ, रुंद झालेला अष्टविनायक मार्ग, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. बघणारा हळहळणार, "काय होतं आणि काय झालं!" पूर्वी दाराला कुलूप नव्हतं, पूर्वी माणुसकी होती, पूर्वी कुणी उपाशी झोपत नव्हतं. हा हळहळीचा सूर मी लहानपणापासून ऐकते आहे. पारावर ऐकला, लग्नाच्या पंगतीत ऐकला, आता फोनवरच्या गटांवर रोज सकाळी ऐकते. आणि दरवेळी लक्षात येतं की हा सूर लावणारी माणसं बहुतेक करून पुरुष असतात. बायका गावाबद्दल बोलायला लागल्या की 'काय सुंदर होतं' असं फारसं म्हणत नाहीत. त्या पाण्याबद्दल बोलतात. दाराला कुलूप नव्हतं हे खरं आहे. कुलूप नव्हतं, कारण दारात बाई होती. तिला सोडून घर कुठं जाणार होतं?

पाण्याचं आधी घेऊ. बाहेरच्यांना बारामती म्हटलं की ऊस, कारखाने, कालवा आठवतो. तो बागायती पट्टा. नीरेचा डावा कालवा इंग्रजांनी १८८५ च्या सुमाराला आणला आणि कालव्याच्या काठाकाठानं वैभव वाढत गेलं. आम्ही त्या कालव्याच्या वर राहतो. मोरगाव, सुपे, तरडोली, लोणी भापकर हा सगळा जिरायत पट्टा, पर्जन्यछायेतला. बाजरी, ज्वारी, मटकी, शेळ्यामेंढ्या. नदी म्हणजे कऱ्हा. ती पुरंदरच्या डोंगरांतून येते, सासवडवरून, जेजुरीवरून आमच्याकडे येते आणि पुढं नीरेला मिळते. जेजुरीजवळ नाझऱ्याला तिच्यावर धरण झालं, त्यामुळे पाऊस ओढला की आमच्याकडे पात्रात वाळूच जास्त. आचार्य अत्र्यांनी 'कऱ्हेचे पाणी' या नावानं आत्मचरित्राचे खंडच्या खंड लिहिले. चांगलं केलं. पण जिनं ते पाणी वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं घागरीत भरलं, तिच्या वाट्याला चरित्र नाही. तिच्या वाट्याला पोस्टाचं कार्ड आलं, तेही दुसऱ्यानं लिहून दिलेलं. चित्रकार्डावरची ती पाठमोरी बाई देवळाच्या पायऱ्या चढत नाहीये. ती पाणी घेऊन घरी चालली आहे. छायाचित्र काढणाऱ्याला ती सुंदर दिसली. तिची मान दुखत होती का, हे विचारायचं त्याला कारण नव्हतं.

आणि १९७२? त्या सालाचं चित्रकार्ड कुणी छापलं नाही. छापलं असतं तर त्यावर देऊळ नसतं, आमची आजी असती. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणारी, बोटाला चिंधी बांधलेली. मुकादम हजेरीपटावर नवऱ्याचं नाव आधी लिहायचा आणि मग 'बायको' असं लिहायचा, ही आजीची हकिगत आम्ही पन्नासदा ऐकली. दुपारी सुकडी मिळायची. मिलो ज्वारीच्या भाकरीला ती आयुष्यभर शिव्या देत राहिली. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे हे सरकारी कागदावर आलं. त्यासाठी जिथं जिथं मोर्चे निघाले तिथं बायका पुढं होत्या. आमच्या भागातले कित्येक पाझर तलाव बायकांच्या डोक्यावरच्या पाट्यांनी झाले आहेत. 'काल आणि आज' मांडायचं तर एक पाटी आणि एक घण मांडा की! पण नाही. जातं मांडतात. जात्यावर ओव्या असतात ना, त्या गोड वाटतात. पहाटे तीनला उठून दळायचं, हे ओव्यांच्या आड लपून जातं.

आता पोस्टाच्या कार्डांकडे येते. ती माझ्या आत्याची आहेत. आत्याचं लग्न १९७४ साली झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तेव्हाच्या कायद्यात मुलीसाठी पंधरा पुरे होती, अठरा झाली ती १९७८ मध्ये. तिला सातवीपर्यंत शाळा होती, म्हणून स्वतःच्या हातानं लिहायची. अक्षर मोठं, गोल, ओळी खाली उतरत जाणाऱ्या. "तीर्थरूप आई-दादांस साष्टांग नमस्कार. मी येथे सुखरूप आहे. काळजी नसावी. भाद्रपदात गणपतीला येईन." चाळीस कार्डं, मजकूर जवळजवळ तोच. अधूनमधून कुणाचं बाळंतपण, कुणाचं दुखणं, पाऊस कसा आहे.

मी आत्याला विचारलं, "एवढी कार्डं लिहिलीस आणि सगळ्यांत सुखरूपच कशी गं?" ती हसली. म्हणाली, "कार्ड उघडं असतंय. लिहून झालं की सासरे वाचायचे, मग दीर टाकायला न्यायचा, तो वाटेत वाचायचा. तिकडं पोस्टमन वाचायचा. तुझ्या आजीला वाचता येत न्हवतं, तिला शाळेतला पोरगा वाचून दाखवायचा. एवढ्या जणांत मी काय लिहू?" पाकीट महाग होतं आणि पाकीट घेतलं तर संशय. भाद्रपदात येईन, हे मात्र ती खरोखरीच्या आशेनं लिहायची. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला येते, यात्रा भरते. त्या निमित्तानं लेकी माहेरी येतात. आत्या चाळीस कार्डांमध्ये पाच वेळा आली. आजीनं ती कार्डं जपून ठेवली आणि सगळ्या गावाला सांगितलं, माझी लेक सुखात आहे. तिच्याकडे लेखी पुरावा होता!

मैत्रिणींनो, जुन्या गावाचं जे काही आपल्याला दाखवलं जातं ते असं उघड्या कार्डावरचं आहे. सासऱ्यानं, दिरानं, पोस्टमननं वाचून पास केलेलं. चित्राच्या बाजूला पाठमोरी बाई, मजकुराच्या बाजूला 'सुखरूप'. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्यात आहे तेवढंच सगळं होतं असं धरून आजच्या बायकांना नावं ठेवू नका, एवढंच म्हणते. कारण हळहळीचा शेवट नेहमी तिथंच होतो. गाव बिघडलं ते कशामुळे? तर पोरी शिकल्या, मोबाइल आला, सुनांना वेगळं राहायचं असतं. उलट क्रमानं तुम्ही कुणालाही हे बोलताना ऐका, पोरींवरच येऊन थांबतं.

मग काहीच चांगलं झालं नाही का? झालं ना! नळ आले, गॅस आला, शौचालयं झाली. अंधार पडायची वाट बघत पोट दाबून बसणं संपलं. खेड्यातल्या शाळकरी मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळाला, त्यावर आमच्यासारख्या कितीतरी जणी हायस्कूल शिकल्या. मी पुढं पुण्याला जाऊन एम.एस.डब्ल्यू. केलं, त्याची सुरुवात त्या पासापासून आहे. १९९३ नंतर पंचायतीत एक तृतीयांश जागा आल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत आत्या जितक्या वेळा माहेरी आली तितकी आधीच्या तीस वर्षांत आली नव्हती. अर्ध्या तिकिटाची टिंगल करणाऱ्या पुरुषांना मी आत्याची ती कार्डं दाखवते.

पण जिथं पैसा आणि जमीन येते तिथं बदल कुठपर्यंत पोचला, ते बघू. देवळापुढं हार आणि दूर्वा विकणाऱ्या बायका पूर्वी जमिनीवर बसायच्या. आज मागं पक्के गाळे झाले आहेत. गाळे पुरुषांच्या नावावर, आणि बायका त्याच गाळ्यांच्या पुढं अजूनही पोतं टाकून जमिनीवर. पहाटे दूर्वा खुडणं, निवडणं, जुड्या बांधणं त्यांचं, गल्ल्यावर मुलगा. आमच्या सगळ्या पट्ट्यात राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचबाईचा फ्लेक्स लागतो, तेव्हा शेजारी तिच्याएवढाच, कधी मोठा, फोटो तिच्या नवऱ्याचा असतो. ग्रामसभेत खुर्चीवर ती आणि बोलणारा तो. सगळ्याच तशा नाहीत, मी अशाही सरपंच बायका पाहिल्या आहेत ज्यांनी नवऱ्याला दारातच थांबवलं. पण त्यांच्याबद्दल गाव काय बोलतं तेही मी ऐकलं आहे.

२०२४ साली बारामतीत लोकसभेला नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्या देशानं ती निवडणूक डोळे फाडून पाहिली. लेक खरी की सून खरी, यावर चावडीपासून टीव्हीपर्यंत चर्चा झडली. आम्हा इथल्या बायकांना त्यात नवीन काय होतं? लेक खरी की सून खरी हा वाद आमच्याकडे रोज चालू असतो आणि त्याचा निकाल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात लागतो. दोघींनाही खरी न ठरवता.

तर मूळ मुद्द्यावर येते. आमच्या आजोबांची जिरायत जमीन होती. काही तुकडे डोंगरकडेला, एक तुकडा रस्त्याला लागून. तेव्हा रस्त्याकडेच्या तुकड्याला कुणी विचारत नव्हतं, तिथं बाजरीही धड येत नव्हती. आजोबा १९९१ मध्ये गेले. वारस नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर तिन्ही मुलांची नावं लागली, तीही थोरल्याच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी. आजीचं नाव लागलं नाही. आत्याचं तर नाहीच. खरं पाहता १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसारच बायको आणि मुलगी या मुलाच्या बरोबरीनं पहिल्या वर्गाच्या वारस होत्या. कायदा होऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. पण तलाठ्यानं विचारलं नाही, मुलांनी सांगितलं नाही आणि आजीला ठाऊकच नव्हतं.

पुढं कायदा आणखी पुढं गेला. २२ जून १९९४ ला महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली होती त्यांना वगळलं. जणू लग्न हा गुन्हा होता! ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली, तिच्यात ही लग्नाची अट राहिली नाही. तरी कोर्टांत खल चालूच राहिला की २००५ साली वडील हयात हवे होते की नव्हते. शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हक्क जन्मानं येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. म्हणजे कागदावर लेक चौसष्ट वर्षांत पायरी-पायरीनं का होईना वर चढली. आणि याच काळात गावोगावी एका दस्ताला बरकत आली. हक्कसोडपत्र! काही शे रुपयांच्या मुद्रांकात बहिणीचा सगळा हिस्सा भावाच्या नावावर होतो. कायद्यानं एका हातानं दिलं आणि समाजानं दुसऱ्या हातानं सहीसाठी पेन पुढं केलं.

रस्ता रुंद झाला, यात्रेकरू वाढले आणि आमच्या त्या बाजरी न येणाऱ्या तुकड्याला सोन्याचा भाव आला. काकांनी आणि माझ्या भावानं तो विकायचं ठरवलं. घेणाऱ्याच्या वकिलानं जुने फेरफार काढले, वंशावळ मागितली आणि म्हणाला, बहिणीची सही लागेल. सख्ख्या भावांना तीस वर्षं न आठवलेली बहीण वकिलाला आठवली! मग आत्याला फोन गेला. "ताई, ये एकदा. साडी घ्यायचीय तुला. आणि एक सही करायचीय, जरा कागदाचं काम आहे."

यात मी कुठं आहे, तेही लिहिते, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल. २०१३ साली मी स्वतः अशी सही केली आहे. वडील गेले होते, धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं, माझं लग्न ठरलं होतं. माझ्या एम.एस.डब्ल्यू.च्या प्रबंधाचा विषय होता ग्रामीण स्त्रियांचे मालमत्ता हक्क. त्या प्रबंधाची बांधलेली प्रत घरातल्या कपाटात होती आणि मी कार्यालयात जाऊन अंगठ्याचा ठसा आणि सही दोन्ही दिली. मला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. आई एवढंच म्हणाली, "तुझ्यासाठी माहेराचं दार उघडं राहायला पाहिजे ना बाळा." पैसे मिळाले नाहीत, मागितलेही नाहीत. अधिकाऱ्यानं ठरल्याप्रमाणे विचारलं, "राजीखुशीनं करताय ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, शेजारी भाऊ उभा होता. आत्याच्या कार्डातलं 'सुखरूप' आणि माझं 'राजीखुशीनं' यांत मला आज काही फरक दिसत नाही. तिची सातवी झाली होती, माझं एम.एस.डब्ल्यू.

या विषयावर बचत गटांच्या बैठकांत बोलायला लागले की ठरलेली उत्तरं येतात, बायकांकडूनसुद्धा. पहिलं उत्तर, "लग्नात दिलं की तिला." काय दिलं? हुंडा सासऱ्याच्या हातात दिला, मानपान वऱ्हाडाला दिला, जेवणावळीत गाव जेवलं. आणि हुंडा १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे एक गुन्हा केला म्हणून दुसरा हक्क बुडवायचा, असा हा हिशेब. दुसरं उत्तर, "भावाशी वाकडं येतं." खरं आहे, येतं. पण भाऊ-भाऊ वाटणी मागतात तेव्हा कोर्टात जातात, बांधावर कुऱ्हाडी निघतात, तरी कुणी म्हणत नाही की भावानं हिस्सा सोडावा म्हणजे नातं टिकेल. नातं टिकवायची मक्तेदारी बहिणीकडेच का? तिसरं उत्तर जरा अवघड आहे. "तिनं माहेरचा हिस्सा घेतला तर भावजयीच्या पोटावर पाय येतो." हे मी उडवून लावत नाही. कोरडवाहू चार एकरांत राबणारी भावजयच असते, आणि तिचंही नाव सातबाऱ्यावर नसतं. पण म्हणून बहिणीनं हक्क सोडला की तो भावजयीला मिळतो का? तो भावाच्या नावावर जातो. त्याच बैठकीत मी विचारलं, नवऱ्याच्या सातबाऱ्यावर तुमच्यापैकी किती जणींचं नाव आहे? दोनच हात वर आले. दोघीही विधवा. शेतकरी संघटनेनं नव्वदच्या सुमाराला लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. कितीतरी गावांनी ते केलंही होतं. आज ती आठवण सांगितली की तरुण मुलं विचारतात, खरंच?

आणि आता २०२४ पासून 'लाडकी बहीण' आली. महिन्याला पंधराशे रुपये. आमच्या बायकांना ते हवेत, त्यांची चेष्टा मी करणार नाही. औषधाला, वह्यांना, गॅसला ते लागतात. पण ज्या गावात फ्लेक्सवर सगळे लाडके भाऊ हात जोडून उभे आहेत, त्याच गावात सख्ख्या बहिणीच्या नावाचा फेरफार करायला एकही भाऊ आपणहून तलाठ्याकडे गेल्याचं माझ्या कानावर नाही. पंधराशे रुपये सरकारच्या खिशातून जातात ना!

आत्या आली. अर्धं तिकीट काढून, एस.टी.नं. साडी घेतली तिनं. हिरवी, काठाची. मग कागद पुढं आल्यावर म्हणाली, "मला वाचून दाखवा." काका म्हणाले, "अगं, ठरलेलाच मजकूर असतो." ती म्हणाली, "मी पण ठरलेलाच मजकूर लिहीत होते वीस वर्षं. वाचून दाखवा." मग मी वाचून दाखवला. सगळा, शब्द न् शब्द. 'कोणत्याही दबावाशिवाय', 'प्रेमापोटी', 'मोबदला न घेता', 'यापुढे माझा वा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही.' खोलीत कुणी बोलेना. माझ्या भावानं माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेला उत्तर द्यायला मला अजून जमलेलं नाही. आत्यानं सही केली नाही. साडी मात्र परत केली नाही. ती म्हणाली, साडी माहेरची आहे, ती घेणारच.

तेव्हापासून व्यवहार अडकला आहे. काकू माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, पण कमी. भाऊ म्हणतो, "तू शिकलीस ते आमचं घर फोडायला?" गावात काही बायका आत्याला नावं ठेवतात, काही संध्याकाळी मागल्या दारानं येऊन मला हळूच विचारतात, "ताई, सही झाल्यावर काही करता येतं का?" मला खरं सांगावं लागतं. नोंदवलेलं हक्कसोडपत्र फसवणूक किंवा दबाव शाबीत केल्याशिवाय सहसा मोडत नाही, आणि प्रेमाचा दबाव कोर्टात शाबीत होत नाही. म्हणून सहीच्या आधी या. वारस नोंद होतानाच आपलं नाव लागलंय का, ते बघा. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्या. सातबारा आता संगणकावर बघता येतो, गटाच्या बैठकीत पाच मिनिटं काढून एकेकीचा काढा. गेल्या महिन्यापासून आम्ही ते करतो आहोत. पहिल्या दिवशी नऊ सातबारे काढले आणि बायका एकमेकींकडे बघत बसल्या.

त्या मुलांना मी निरोप दिला की चित्रकार्डं देते, पण दोन अटी आहेत. पाठमोऱ्या बाईच्या कार्डाखाली 'जुन्या मोरगावचे एक रम्य दृश्य' असं लिहायचं नाही. पाणी नेणारी बाई, नाव कुणी विचारलं नाही, असं लिहायचं. आणि शेजारी आत्याचं एक कार्ड लावायचं, त्याच्याजवळ आमच्या घराचा १९९१ चा फेरफार लावायचा. पहिली अट त्यांना चालली. दुसरीबद्दल एकजण म्हणाला, "ताई, घरातलं भांडण प्रदर्शनात कशाला?" दुसरा मात्र गप्प होता. जाताना तो मागं राहिला आणि त्यानं विचारलं, आमच्या आईचं नाव आहे का हे कसं बघायचं. मी त्याचा गट नंबर विचारला. त्याला तो माहीत नव्हता. उद्या वडिलांना विचारून सांगतो म्हणाला.

प्रदर्शन माझ्या कार्डांशिवायच झालं. जातं होतं, नांगराचा फाळ होता. यात्रेला आलेल्या बायका जात्यापाशी उभ्या राहून फोटो काढत होत्या. आत्याही आली होती. तिनं जात्याचा खुंटा हातात धरून पाहिला, म्हणाली, "ढिला झालाय." डबा सध्या माझ्याकडे बारामतीत आहे. त्या मुलाचा अजून फोन आलेला नाही, भाद्रपदात गावी गेले की मीच त्याच्या घरी जाणार आहे.